किलोभर पुण्य

मध्यमवर्गीय मराठी घरात 'धंदा' हा शब्द दोनच प्रसंगी उच्चारला जातो. एक, शेजारच्या कुणाचा बुडाला की. आणि दुसरा, 'काय धंदा लावलाय हा?' असं घरातल्या पोराला विचारायचं असेल तेव्हा. तिसरा प्रसंग आमच्या घरी २०२५ च्या दिवाळीत आला. भाऊबीजेला कल्याणहून आलेल्या माझ्या मेहुण्याने चकली मोडता मोडता जाहीर केलं, "भावजी, मी पंप काढतोय."

आमच्या पिढीला पंप म्हणजे तीनच ठाऊक : सायकलचा, स्टोव्हचा आणि विहिरीवरचा. मी आपला सायकलचा समजून म्हटलं, "अरे, वायसर बदलून बघ आधी." त्यावर मेहुण्याने माझ्याकडे अशा करुणेने पाहिलं की, माझ्या ताटातली चकली आपोआप मऊ पडली. पंप सीएनजीचा होता. रिक्षा आणि मोटारी ज्यावर चालतात, आणि ज्यासाठी तासन् तास उभ्या राहतात, तो गॅस विकण्याचा पंप.

मेहुण्याचा हा पहिला धंदा नव्हे. कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून त्याने पोळीभाजी केंद्र, झेरॉक्स आणि मसाले कांडप असे तीन धंदे काढले. त्यातले दोन चालले नाहीत आणि तिसरा चालला तो भागीदार घेऊन. पण या वेळची गोष्ट जरा निराळी होती. त्याच्या एका आगरी शाळासोबत्याची वडिलोपार्जित जमीन काटई नाक्याच्या अलीकडे, कल्याण-शीळ रस्त्याला लागून आहे. जमीन मित्राची, धावपळ मेहुण्याची आणि थोडीशी रक्कम माझी, अशी ही तिरंगी योजना. 'थोडीशी' म्हणजे किती, ते इथे सांगत नाही. मात्र ती ऐकल्यावर मी माझ्या निवृत्तीचे पैसे ज्या बँकेत आहेत ती जागेवर आहे ना, हे पाहून आलो, एवढं सांगितलं तरी पुरे.

पैसे बुडतील ही भीती मला नव्हती असं नाही. पण खरी अडचण वेगळीच होती, आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती. ती नैतिक होती. नैतिक अडचण ही गोष्ट दातदुखीसारखी असते. बाहेरून काही दिसत नाही आणि समोरच्याला वाटतं, माणूस उगाच गाल धरून बसलाय.

झालं असं की, मेहुण्याने एक शंभर पानी वही केली होती. तो ठाण्यात माजिवड्यापासून कल्याणपर्यंत वेळीअवेळी पंपांवर जाऊन रांगा मोजी. सकाळी सहाला किती रिक्षा, दुपारी दोनला किती मोटारी, रात्री अकराला किती. रांग आखूड निघाली की त्याचा चेहरा पडे. लांब निघाली की संध्याकाळी फोन. "भावजी, आज अठ्ठावन्न! वळण घेऊन मागच्या गल्लीत गेली होती!" भारताचा संघ जिंकल्यावर जो आवाज लागतो, तो आवाज. तिकडे अठ्ठावन्न माणसं ताटकळत उभी आणि इकडे आमच्या फोनवर दिवाळी!

मी माझ्या परीने त्याला समजावलं. म्हटलं, "दुसऱ्याच्या खोळंब्यावर इतका आनंद मानणं बरं नव्हे." तर तो म्हणाला, "भावजी, मी तो खोळंबा कमी करायलाच निघालोय. रांग लांब आहे म्हणून पंप हवा, आणि पंप झाला की रांग कमी." हे ऐकायला सरळ आहे. पण मला शंका अशी की, रांग अगदीच संपली तर याचा पंप चालेल कसा? म्हणजे याला रांग संपवायची आहे, पण पुरती नाही. डॉक्टरला रोगी बरा व्हायला हवा असतो, पण सगळं गाव बरं झालेलं परवडत नाही, त्यातला प्रकार. पावसाळ्यात डोंबिवली स्टेशनबाहेर छत्र्या विकणाऱ्याच्या मनात आभाळ पाहून काय येत असेल, याचा विचार मी पूर्वी कधी केला नव्हता. आता तोच एक विचार राहिला.

इमॅन्युएल कान्ट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने १७८५ साली नीतीवर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्याने चक्क वाण्याचं उदाहरण घेतलं आहे. (तत्त्वज्ञ मंडळी सहसा वाण्यापर्यंत जात नाहीत. बहुधा तिथे त्यांची उधारी थकलेली असावी.) हा वाणी सगळ्यांना एकाच भावाने माल देतो. पोरगं आलं तरी त्याला फसवत नाही. आता आपण म्हणू, केवढा सज्जन! पण कान्ट म्हणतो, थांबा. भाव एक ठेवण्यात वाण्याचा फायदाच आहे, गिऱ्हाईक टिकतं. तेव्हा तो वागतो बरोबर, पण एवढ्यावरून त्याला नीतीचं श्रेय देता यायचं नाही. आपल्याकडे निष्काम कर्माची ओढ लहानपणापासून लावलेली असतेच. त्यात हा जर्मन येऊन बसला. फायद्यासाठी केलेलं भलं हे भलं की नुसताच फायदा, हा प्रश्न मी मेहुण्यापुढे टाकला.

तो म्हणाला, "हा कान्ट कुठल्या पंपावर होता?"

मेहुण्याचा मित्र मात्र माझं बोलणं नीट ऐकून घेत असे. मेहुण्याने छापायला टाकायच्या पत्रकात 'हरित सेवा', 'पर्यावरणाचं व्रत' असले शब्द घातले होते. मित्राने ते वाचले आणि शांतपणे म्हणाला, "काका, आपण गॅस विकणार आणि किलोमागे कमिशन घेणार. लोक आपलं मन बघायला येणार नाहीत, काटा बघायला येणार." मला हा माणूस त्या दिवसापासून आवडला. सेवेचं नाव घेऊन धंदा करणाऱ्यापेक्षा धंद्याचं नाव घेऊन धंदा करणारा बरा, असं माझं अनुभवाचं मत आहे. निदान त्याच्याकडे पावती मिळते.

एकदा पैसे घालायचा विचार निघाला म्हटल्यावर हा गॅस असतो कसा आणि येतो कुठून, हे समजून घेणं आलं. तर तो असतो मिथेन. जमिनीतून आणि समुद्रातून निघतो. आपल्या समुद्रात मुंबई हायला १९७४ साली तेल लागलं, त्या तेलाबरोबर तोही वर आला. सुरुवातीच्या काळात तो न्यायची पुरेशी सोय नव्हती म्हणून त्यातला पुष्कळसा तिथेच समुद्रावर जाळून टाकत. ज्या गॅससाठी आज माणसं पहाटे चारला उठून नंबर लावतात, तो एकेकाळी नुसता ज्योत म्हणून जळत होता! पुढे तो उरणला किनाऱ्यावर आला. १९९५ साली महानगर गॅस कंपनी निघाली आणि त्यानंतर मुंबई, ठाणे, कल्याण, डोंबिवली करत नळ फिरत गेले. आता बाहेरच्या देशांतून बोटीने येणाऱ्या गॅसचीही त्यात भर पडते.

पंपावर हा गॅस दाबून भरतात. किती दाबून? मोटारीच्या टायरात जेवढा दाब असतो, त्याच्या जवळजवळ शंभरपट. मुंबईच्या लोकलला सकाळी आठ-वीसला जो दाब असतो, त्याच्या खालोखाल म्हणा ना. आणि मोजतात लिटरवर नाही, किलोवर. जी वस्तू दिसत नाही, जिला स्वतःचा वासही नाही (वास येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला), ती वस्तू माणूस किलोने विकत घेतो आणि काट्यावर विश्वास ठेवून पैसे देतो. देवळाबाहेर इतका विश्वास मी फक्त इथेच पाहिला.

सगळ्यांत मला भावली ती या पंपांची नाती. पंपांमध्ये एक असतो 'मदर स्टेशन', म्हणजे आई. तिच्याकडे नळाने गॅस येतो, दाबून भरायची मोठी यंत्रं असतात. जिथे नळ पोहोचलेला नाही, तिथे असते 'डॉटर स्टेशन', म्हणजे लेक. आईकडे सिलिंडरांची चळत ट्रकवर भरायची आणि लेकीकडे पाठवायची. थोडक्यात, माहेरचा डबा! तो डबा भरलेला असतो तोवर लेकीचा संसार जोरात. जसजसा रिकामा होतो तसतसा दाब उतरतो, मोटारीची टाकी हळू भरते, पुरती भरतच नाही, आणि मागे रांग वाढते. मग सगळे ट्रकची वाट पाहत बसतात. मेहुण्याच्या जमिनीला आईचं भाग्य लाभणार की लेकीचं, हा पुढे तीन महिने आमच्या घरात चर्चेचा विषय होता. आमच्या हिला तर त्या लेकीची दयाच आली. म्हणाली, "किती दिवस माहेरच्या जिवावर काढायचे बिचारीने?"

कागदपत्रांबद्दल फारसं लिहीत नाही. सातबारा, बिनशेती, रस्त्याची परवानगी, अग्निशमनाचा दाखला, पोलिसांचा ना-हरकत, वैधमापनवाल्यांचा काट्यावरचा शिक्का. कुणी स्वतःच्या मनाने गॅस आणून विकायला बसू शकत नाही. त्या त्या भागाचं काम सरकारी मंडळाने ज्या कंपनीला दिलं असेल, तिच्याशीच करार करावा लागतो. तिच्या नावाने खोट्या जाहिराती देऊन, 'आगाऊ रक्कम भरा, पंप मिळवा' म्हणून लोकांना गंडवणारे ठग असतात, ते वेगळे. आणि या सगळ्याच्या वर नागपूरचं स्फोटकं खातं. पेट्रोल, गॅस, दारूगोळा अशा सगळ्या स्फोटक वस्तूंची सुरक्षितता पाहणारं केंद्र सरकारचं मुख्यालय नागपूरला आहे. उन्हाळ्यात तिथे बसून स्फोटकांचा विचार करायचा म्हणजे माणसं काय धीराची असतील!

हे सगळं चालू असताना १६ नोव्हेंबर २०२५ चा रविवार उजाडला. ट्रॉम्बेला आरसीएफच्या आवारात गेलच्या मुख्य गॅसवाहिनीला इजा झाली आणि वडाळ्याला जिथून मुंबईत गॅस शिरतो, तिथेच तो पुरेसा पोहोचेना. सोमवारी सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबई, सगळीकडे पंपांवर रांगाच रांगा. माझा डोळ्यांचा डॉक्टर ठाण्याला. गेलो, तर रस्त्याच्या कडेने रिक्षाच रिक्षा उभ्या. त्या रांगेला शेवट होता की नाही, हे पाहायला मला त्याच डॉक्टरचा चष्मा लागला असता. मेहुण्याचा फोन आलाच. "भावजी, बघितलंत? वही पुरत नाहीये!"

मी एका रिक्षापाशी थांबलो. चालक मागच्या सीटवर पाय दुमडून आडवा झाला होता. "किती वेळ झाला?" विचारलं. "काका, पहाटेपासून." "मग आज धंदा?" तो उठून बसला. म्हणाला, "गाडी मालकाची आहे. गाडी पळो नाहीतर उभी राहो, शिफ्टचे पैसे पळतच असतात." रिक्षाची टाकी केवढीशी, जेमतेम चार किलोच्या आसपास. म्हणजे याला रोज पंपावर यावंच लागतं. मी निवृत्त माणूस. माझा एक तास गेला तर जगाचं काही अडत नाही, उलट घरात थोडी शांतता होते. या माणसाचा एक तास म्हणजे दोन डझन अंडी आणि मुलाची फी यांतलं काहीतरी. आणि तरी रांगेत दोघांचा तास सारखाच मोजतात!

दुसरी गोष्ट मला घरी आल्यावर सुचली. हिने चहा टाकला होता आणि आमच्या नळाच्या गॅसची ज्योत नेहमीसारखीच निळी होती. कारण गॅस कमी पडला तेव्हा कंपनीने ठरवलं, आधी घरांतल्या चुली, मग बाकीचे. निर्णय योग्यच होता. घरोघरी पोरं उपाशी ठेवून रिक्षा कशा चालवणार? पण तो चहा पिताना मला त्या दुमडलेल्या पायांची आठवण झाली. आमची ज्योत आणि त्याची रांग एकाच नळाच्या दोन टोकांना होती. मंगळवारपासून पुरवठा हळूहळू रुळावर आला आणि गाव विसरून गेलं. मेहुण्याच्या वहीत मात्र ती पानं लाल शाईने लिहिलेली आहेत.

तुम्ही म्हणाल, या गॅसने हवा स्वच्छ होते, हेही पाहा. पाहिलं. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली बसगाड्या गॅसवर चालवा म्हणून सांगितलं. मुंबईत १९९९ साली धुराने गांजलेल्या नागरिकांची याचिका उच्च न्यायालयात आली, न्यायालयाने समिती नेमली, आणि पुढच्या काही वर्षांत टॅक्सी-रिक्षा गॅसवर गेल्या. त्या जुन्या रिक्षांमागचा निळा धूर ज्यांनी खाल्ला आहे, त्यांना फरक सांगायला नको. पण आपल्या पुतण्याने गाडीला गॅसची टाकी का बसवली, विचारून बघा. फुप्फुसाचं नाव तो काढणार नाही. किलोमीटरला किती पडतं, ते सांगेल. डिकीतली जागा गेली तरी चालेल, लग्नाला जाताना बॅगा मांडीवर घेऊ, पण पेट्रोल नको! या शहराची हवा जी काही सुधारली, ती न्यायालयाच्या धाकाने आणि आपल्या काटकसरीने. कान्टला हे कळलं असतं तर त्याने आख्ख्या ठाणे जिल्ह्याला नापास केलं असतं. आणि डोंबिवलीकराने हवेबद्दल चोखंदळ असू नये, हेही खरं. आमच्याकडे २०१४ साली हिरवा पाऊस पडून गेला आहे आणि २०२० साली एमआयडीसीतला एक रस्ता गुलाबी झाला होता. बाकीच्या गावांना हवा दिसत नाही, आम्हाला ती रंगीत दिसते.

मेहुण्याच्या पंपाची बातमी आमच्या सोसायटीत पोहोचली ती नेहमीप्रमाणे जराशी वाढून. सभेत विषय निघाला. पहिली पंधरा मिनिटं एकमत होतं : आपल्या भागात एक पंप व्हायलाच हवा, किती लांब जावं लागतं, वेळ किती जातो. तळमजल्यावरच्या जोशीकाकूंच्या नातवाने — नाव बदललंय, कारण काकू वाचतात — सहज म्हटलं, "मागच्या मोकळ्या प्लॉटवरच होतोय म्हणे." झालं! त्या क्षणापासून सभेचा पुरवठा बंद पडला. "इथे? मागे? मुलं खेळतात तिथे?" पंप जवळ हवा, पण शेजारी नको. सोय आपली आणि शेजार दुसऱ्याचा.

यावर विनोद करणं सोपं आहे, पण मी गप्प बसलो. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन तारखा डोंबिवलीत कुणाला सांगाव्या लागत नाहीत. एमआयडीसीतल्या कारखान्यांत स्फोट झाले, माणसं गेली, लांबलांबच्या इमारतींच्या काचा खाली आल्या. अशा गावात 'दाबून भरलेला गॅस' म्हटल्यावर बायकांनी मुलांचे हात धरले, तर त्यांना अडाणी म्हणायचं काय कारण? हा गॅस हवेहून हलका असतो, गळला तर वर निघून जातो, स्वयंपाकाच्या सिलिंडरातल्या गॅससारखा जमिनीलगत साचत नाही, हे मी सांगून पाहिलं. खरं आहे ते. सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी करावी लागते, हेही सांगितलं. एक आजोबा म्हणाले, "चाचणी करतात, की शिक्का मारतात?" याला नागपूरकडे उत्तर असेल, माझ्याकडे नव्हतं.

घरी येऊन मी पुन्हा कान्ट काढला. म्हणजे विषय काढला. ही मेथी निवडत होती. सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "तो वाणी राहतो कुठे?"

"कुठला वाणी?"

"तुमचा. त्या जर्मनाचा. दुकानाच्या मागे राहतो, की गावाबाहेर बंगल्यात?"

हे कान्टने लिहिलेलं नाही, असं मी म्हटलं.

"मग काय उपयोग! आमच्या कल्याणच्या घराजवळचा वाणी दुकानाच्या मागच्या खोलीत राहायचा. त्याच्या मनात काय असायचं ते देव जाणे, पण जे तेल आमच्या डब्यात तेच त्याच्या बायकोच्या कढईत. तुम्ही त्या पंपाच्या मागे राहायला जाणार आहात का?"

मेथीच्या काड्या बाजूला पडत होत्या आणि माझा गेला महिनाभराचा विचारही बहुधा त्यांच्यातच पडत होता. मी आजवर माणसाच्या मनात शिरून त्याचा हेतू तपासत बसलो होतो. तो नफ्यासाठी करतो की सेवेसाठी? मन ही काही काट्यावर ठेवायची वस्तू नव्हे. हिने मात्र पत्ता विचारला. हिशेब केला तर असं निघालं : मित्राचं घर त्याच जमिनीच्या मागच्या अंगाला, नियमाने जेवढं अंतर सोडायला हवं तेवढं सोडून. त्याची म्हातारी आई ओट्यावर बसते, ती तिथेच बसणार. म्हणून तो परवानग्यांचे कागद इतक्या बारकाईने वाचत होता आणि मेहुणा भराभरा सह्या करत होता! मेहुणा कल्याणला, मी डोंबिवलीला. आम्हा दोघांच्या वाट्याला फक्त कमिशन. जोखीम ओट्यावर बसलेल्या त्या बाईच्या वाट्याला.

"मागे राहायला जा म्हणत नाही मी," ही म्हणाली. "पण निदान एकदा रांगेत तरी उभे राहा दोघं. बाहेरून मोजताय कधीपासून."

तेव्हा एका मित्राची जुनी गॅसवरची मोटार मागून आणली आणि एका दुपारी मी आणि मेहुणा रांगेत लागलो. डिसेंबर होता, पण आपल्याकडचा डिसेंबर फक्त कॅलेंडरवर असतो. पुढे छत्तीस वाहनं. पहिली दहा मिनिटं मेहुणा वहीत काहीतरी लिहीत होता. विसाव्या मिनिटाला त्याने वही वाऱ्यासाठी वापरायला घेतली. एंजिन बंद, म्हणून थंड हवा बंद. चार हात पुढे जायचं म्हणून एंजिन चालू, पुन्हा बंद. रिक्षावाले उतरून रिक्षा हाताने ढकलत होते. तेवढाच गॅस वाचला. पन्नासाव्या मिनिटाला मेहुण्याचा मधुमेह जागा झाला. पंपाच्या कोपऱ्यात 'प्रसाधनगृह' अशी पाटी होती आणि पाटीखाली कुलूप होतं. किल्ली कुणाकडे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. रांग सोडावी तर नंबर जातो, आणि न सोडावी तर... पुढचं सांगत नाही. मेहुण्याचा चेहरा मात्र त्या वेळी कुणी पाहिला असता तर त्याला निष्काम कर्मयोगी म्हटलं असतं. कसलीही इच्छा उरली नव्हती, एक सोडून. मागच्या रिक्षावाल्याने न सांगताच ओळखलं. म्हणाला, "जा शेठ, पुलाखाली. गाडी मी ढकलतो. आमचं रोजचंच आहे."

त्या रात्री फोन आला, पण आकडा सांगितला नाही. दुसऱ्या दिवशी वही आणून दाखवली. तारीख, वेळ, रिक्षा, मोटारी या रकान्यांपुढे पेन्सिलीने तीन नवे रकाने आखले होते : सावली, पाणी, संडास. आणि मागच्या पानावर पंपाचा नकाशा नव्याने काढला होता. रांग रस्त्यावर न जाता आत वळसा घेईल अशी वाट, तिच्यावर पत्र्याची शेड, मधोमध माठ आणि कोपऱ्यात दोन खोल्या.

मित्राने नकाशा बराच वेळ पाहिला. "एवढ्या जागेत अजून एक भरायचं यंत्र बसतं," तो म्हणाला. मग आपल्या घराच्या दिशेने पाहिलं. "आईलाही चालत तिकडेच जावं लागतं हल्ली. असू दे. पण याचा खर्च कशात धरायचा?"

"जाहिरातीत!" मेहुणा म्हणाला. "लोक सोय बघून आपल्याकडेच येतील."

मला राहवलं नाही. म्हटलं, "अरे, म्हणजे पुन्हा फायद्यासाठीच की! कान्ट म्हणतो —"

"तुमच्या कान्टला रांगेत किती वेळ उभं केलं होतं कुणी?" ही आतून म्हणाली आणि हात पुसत बाहेर येऊन तिने नकाशा उलटा-सुलटा करून पाहिला. ठाण्यात अबोली रंगाच्या रिक्षा चालवणाऱ्या बायका आहेत, त्या कुठे जातात, असं तिने विचारलं. मेहुण्याने पेन्सिल काढून एका खोलीवर 'स्त्रिया' असं लिहिलं. मी कपाटातून चेकबुक आणलं, चष्मा लावला आणि तारीख घातली.

"रक्कम घालायच्या आधी विचारून घ्या," ही म्हणाली, "कडी आतून लागणार आहे ना, आणि कुलूप कुठलंच नाही ना."